‘इकडील सर्व क्षेम’ एवढ्यानं भागत नाही

सैनिकाच्या घरच्यांना त्याच्याविषयी किती कळावं, या प्रश्नाचं उत्तर आपल्या देशानं फार पूर्वीच ठरवून टाकलं आहे. तो जिवंत असेल तर काही नाही, आणि नसेल तर सगळं. मग जिल्ह्याचे अधिकारी येतात, आमदार येतात, फुलांनी सजवलेली गाडी येते, शाळेची पोरं रस्त्याच्या दुतर्फा उभी केली जातात. ज्या देशाचं नाव त्या घरात कुणी धड उच्चारलं नव्हतं, त्या देशातल्या कुठल्या रस्त्यावर, किती वाजता, काय झालं हे तेव्हा सविस्तर सांगितलं जातं. आई ते ऐकते. वर्षभर तिला जे कुणी सांगितलं नाही ते सगळं तिला एका दुपारी कळतं.

ही रीत मला मान्य नाही. देशप्रेमाचा यात काही संबंध आहे असंही मला वाटत नाही. हा निव्वळ आळस आहे, आणि त्याला आपण गुपित असं भारदस्त नाव दिलेलं आहे.

मी बोलतो आहे ते मुख्यत्वे समुद्रापलीकडे धाडलेल्या सैनिकांबद्दल. काश्मीर, राजस्थान, आसाम ही नावं निदान घरच्यांच्या ओळखीची असतात. गावातला कुणीतरी तिथं जाऊन आलेला असतो, थंडी किती, पाणी कसं हे पारावर बसून सांगतो. पण लेबनान? दक्षिण सुदान? कांगो? बेळगाव-खानापूर-चंदगड-निपाणी पट्ट्यातल्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. १९२२ पासून मराठा पलटणीचं केंद्र बेळगावच्या कॅम्पात आहे. आपल्याकडच्या कित्येक घरांत पणजोबा मेसोपोटेमियात, आजोबा इटलीत आणि चुलता जाफन्यात अशी तीन पिढ्यांची परदेशवारी झालेली आहे, आणि तिन्ही पिढ्यांच्या बायकांना त्या देशांविषयी सारखंच माहीत आहे. म्हणजे काहीच नाही. सीमाभाग म्हटलं की आपल्याला एकच सीमा आठवते, तिच्यावर आपण सत्तर वर्षं बोलत आलो आहोत. आपली पोरं ज्या इतर सीमांवर उभी राहून आली, त्यांच्याबद्दल आपल्या दिवाळी अंकांतून चार पानं तरी आली आहेत काय?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिमोहिमांवर भारतानं आजवर अडीच लाखांहून अधिक माणसं पाठवली. १६० हून अधिक तिकडेच गेली. त्यात श्रीलंकेतली शांतिसेना धरलेली नाही, कारण ती राष्ट्रसंघाची नव्हती, आपली आपण पाठवलेली होती. तिथं अकराशेहून अधिक जवान पडले. हे आकडे भाषणांत येतात. या आकड्यांतल्या एकेका माणसाच्या घरी तो तिकडे असताना महिन्याला किती ओळींची बातमी गेली, याचा आकडा कुणी मांडलेला मी पाहिला नाही.

*

फौजी पत्राची गंमत अशी, की त्याच्या पत्त्यात गाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’. पोरगा जोधपूरला असो की समुद्रापलीकडे, आईच्या दृष्टीनं तो कायम ५६ एपीओ नावाच्या गावी राहतो. आमच्या शेजारच्या म्हातारीला ते खरंच एक गाव वाटे, आणि ते फार मोठं असावं, कारण सगळ्यांचीच पोरं तिथं, असा तिचा हिशेब होता. लष्कराच्या दृष्टीनं ही व्यवस्था चोख आहे, तिला माझी हरकत नाही. पत्त्यात गाव नको. पण पत्राबाहेरही ते कुठंच नको, हे कुठल्या नियमात बसतं?

यापेक्षा जुनी पद्धत उदार होती असं म्हणावं लागेल. १९५३ साली कोरियात गेलेल्या आपल्या तुकडीसाठी टपाल तिकिटांवर देवनागरीत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ अशी अक्षरं छापली होती. १९६२ मध्ये कांगोतल्या जवानांसाठी तशीच वेगळी छापील तिकिटं निघाली. पाकीट हातात पडलं की निदान तिकिटावर देशाचं नाव असे, आणि गावातला शाळामास्तर नकाशात त्यावर बोट ठेवू शके. आज ती तिकिटं संग्राहक जपून ठेवतात. पाकिटांतली पत्रं बहुतेक घरांत चुलीनं किंवा वाळवीनं खाल्ली.

१९८७ साली मी खानापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होतो. गावातली पाच पोरं तेव्हा श्रीलंकेत होती, त्यांतला एक माझा चुलतभाऊ. २९ जुलैला करार झाला, फौज गेली. रेडिओवर ‘शांतिसेना’ म्हणत. काकू मला विचारी, “दादा, शांती हाय न्हवं तिथं?” नावातच शांती होती, त्यामुळं ऑक्टोबर उजाडेपर्यंत घर निर्धास्त होतं. मग १० ऑक्टोबरपासून जाफन्याची लढाई पेटली. पहिली मराठा त्या लढाईत होती, आठवी महारही होती, हे आज पुस्तकांत मिळतं. तेव्हा आम्हाला कळे ते सांगलीच्या आकाशवाणीवरच्या बातम्यांतून आणि एक दिवस शिळ्या वर्तमानपत्रातून. त्यांत जाफना असे. पलटणीचं नाव, माणसांची खुशाली असलं काही नसे.

मी शहरातल्या एका कचेरीत गेलो. कचेरीचं नाव घेत नाही, माणूस भला होता. त्यानं चहा दिला आणि म्हणाला, “मास्तर, काही झालं असतं तर कळवलं असतं.”

हे वाक्य मी नंतर आयुष्यात अनेकदा ऐकलं, वेगवेगळ्या तोंडून. बोलणाऱ्याला ते दिलासा वाटतं. ते घरी घेऊन जा आणि त्याचा अर्थ लावून पाहा. काही कळत नाही तोवर तो जिवंत; म्हणजे आता घरात येणारी पहिली बातमी ही वाईटच असणार! त्या दिवसापासून काकूला पोस्टमन नको झाला. तो वेशीतून सायकल आत घालताना दिसला की ती परसात जाई. मनिऑर्डर आली तरी सही करायला बाहेर येईना. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा शहरी लोकांनी हौसेनं शेवटच्या तारा केल्या, पेपरांत लेख आले. फौजी घरांतल्या बायकांनी मात्र सुटकेचा नि:श्वास टाकला असेल. तारेनं त्यांच्याकडे कधी बारशाची बातमी आणली नव्हती.

त्या पाच घरांतलं एक कानडी होतं. त्या पोराची आई बाजारच्या दिवशी शाळेच्या दारात उभी राही आणि विचारी, “एनर सुद्दी बंतेन्री, मास्तर?” सुद्दी काय येणार! तिची आणि माझ्या काकूची भाषा वेगळी, पण तिला जे कागद येत ते इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि काकूलाही तसेच. आपल्याकडे पाट्यांवरून डोकी फुटतात. त्या दोघींना पाटीची गरज नव्हती, एक पोस्टकार्ड हवं होतं, ज्याच्या त्याच्या भाषेत. ते दोघींनाही मिळालं नाही. शेवटचे जवान २४ मार्च १९९० ला श्रीलंकेतून निघाले, तोवर दोघींनी तीन दिवाळ्या अशाच काढल्या.

*

यावर ठरलेलं उत्तर येतं: लष्करी गुपित. शत्रूला कळेल.

मी फौजेच्या घरातला माणूस आहे, मला गुपिताची टिंगल करायची नाही. उद्या सकाळी गस्त कुठल्या वाटेनं जाणार, हल्ला कधी होणार, दारूगोळा किती आहे हे काकूला कळायची गरज नाही आणि तिनं ते कधी विचारलंही नव्हतं. मे २००० मध्ये सिएरा लिओनमधल्या कैलाहून इथं आपल्या गुरखा पलटणीचे दोनशेहून अधिक जवान बंडखोरांनी वेढले. सुमारे अडीच महिने ते तसे अडकून होते. जुलैच्या मध्यावर ‘ऑपरेशन खुकरी’ करून त्यांना सोडवलं. ती मोहीम आधी घरोघर सांगायला हवी होती असं कुठला वेडा म्हणेल? पण पेपरांत तेव्हा ‘ओलीस’ हा शब्द सर्रास वापरला जात होता, आणि ओलीस म्हटल्यावर घरच्यांच्या डोळ्यांपुढे हात बांधलेला, गुडघ्यावर बसवलेला माणूस येतो. ते जवान तर आपल्याच तळात होते, त्यांनी हत्यारं खाली ठेवली नव्हती. एवढी एक ओळ त्यांच्या घरी पोचली की नाही, यावर त्या घरांचे अडीच महिने कसे गेले ते ठरणार. आणि ही ओळ सांगितल्यानं बंडखोरांचा काय फायदा होणार होता? त्यांना ती ठाऊकच होती, वेढा त्यांनीच घातला होता!

गुपिताची खरी कथा तर आणखी पुढं आहे. शांतिमोहिमेत कुठल्या देशाची पलटण कुठं बसली आहे, याचे नकाशे संयुक्त राष्ट्रसंघ स्वतः प्रसिद्ध करतो. कुठल्या देशाचे किती जवान कुठल्या मोहिमेवर आहेत याची यादी तो वेळोवेळी काढतो. जगातला कुणीही तो नकाशा पाहू शकतो. ज्याला इंग्रजी येतं आणि कुठं शोधायचं ते ठाऊक आहे अशा शत्रूपासून काहीही लपलेलं नाही. लपलेलं आहे ते फक्त खानापूरच्या आईपासून.

कांगोत राष्ट्रसंघाच्या आधारानं २००२ सालापासून ‘रेडिओ ओकापी’ नावाचं आकाशवाणी केंद्र चालत आलं आहे. निळ्या टोपीची फौज तुमच्या मुलखात काय करते आहे हे तिथल्या रहिवाशांना कळावं, अफवा पसरू नयेत, हा त्यामागचा एक हेतू. भाषा कुठल्या? फ्रेंच आहेच, शिवाय लिंगाला, स्वाहिली, चिलुबा आणि किकोंगो! फार योग्य केलं. ज्याच्या गावात फौज उभी आहे त्याला त्याच्या भाषेत सांगितलंच पाहिजे. मग ज्याच्या घरातून ती फौज उभी राहिली, त्याला त्याच्या भाषेत का नको? लिंगालाला जमतं ते मराठीला आणि कन्नडला जमत नाही, असं कुणी आमच्या तोंडावर सांगावं.

आणि गुपितच म्हणाल, तर इंग्रजांनी काय केलं ते पाहा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं वाचायला त्यांनी एक खास सेन्सॉर कचेरी थाटली. शिपाई लेखनिकाकडून पत्र लिहवून घ्यायचे, सेन्सॉर ते वाचायचा, निवडक मजकुराचं इंग्रजी भाषांतर करून वर पाठवायचा. शिपायांनाही ते कळे; मग ते काळी मिरी आणि लाल मिरची अशा सांकेतिक शब्दांत हिंदी आणि गोऱ्या पलटणींविषयी लिहायचे. त्या पत्रांचे उतारे लंडनच्या ग्रंथालयात आजही नीट जपलेले आहेत. म्हणजे आमच्या पणजोबांनी घरी काय लिहिलं हे जाणून घेण्याची निकड आमच्या राज्यकर्त्यांना होती. त्यांचा हेतू वाईट असेल, पण पत्र महत्त्वाचं असतं हे त्यांना समजलं होतं.

त्याच युद्धात कूतचा वेढा पडला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. पुणे डिव्हिजन आत अडकली होती, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. आत घोडी कापून खात होते. शरणागतीनंतर हजारो शिपाई तुर्कांच्या कैदेत वाळवंटातून चालवत नेले गेले, किती वाटेत पडले याचा पक्का हिशेब नाही. सातारा, रत्नागिरी, बेळगावच्या खेड्यांतून त्या बायकांनी कुंकू ठेवायचं की पुसायचं, हे कुणाला विचारायचं होतं? पुढं बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आणि आमच्या साध्या शिपायांची पलटणवार संख्या. नावाऐवजी आकडा. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं २०२१ मध्ये या भेदभावाची रीतसर कबुली दिली, माफी मागितली. शंभर वर्षं उशिरा का होईना, त्यांनी मागितली. आपल्या सरकारनं श्रीलंकेतल्या आपल्याच जवानांची नावं दिल्लीत राष्ट्रीय स्मारकावर कोरली तेव्हा २०१९ साल उजाडलं होतं.

*

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा. आता मोबाइल आहे, चेहरा बघून बोलता येतं, तुम्ही कुठल्या जमान्यातल्या पोस्टकार्डाच्या गोष्टी करता?

माझा पुतण्या वर्षभर दक्षिण सुदानात होता. फोन येई, हे खरं. आमच्यापेक्षा त्यांचं घड्याळ तीनेक तास मागं. इथं भाकऱ्या थापून झाल्या की तिथं संध्याकाळ. नेट असेल तर चेहरा दिसे, तोही मध्येच थिजलेला. बोलणं काय व्हायचं? “जेवलास का?” “जेवलो.” “बरा आहेस ना?” “बरा आहे. तिकडं पाऊस पडला?” “पडला.” एवढ्यात सुनेच्या हातातून फोन पोराच्या हातात, पोराकडून परत सुनेकडे. माझी वहिनी चुलीपाशी उभी राहून ऐके. फोन सुनेच्या नावावर, कागदांवर वारस म्हणून सून, मग आईनं किती वेळ बोलायचं यावर घरात रुसवेफुगवे. पोरगा तिकडून सांगत नाही, कारण घरचे काळजी करतील. घरचे इकडून सांगत नाहीत, कारण त्याचं लक्ष उडेल. भावाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते त्याला दोन महिने कळू दिलं नाही. त्याला हिवताप होऊन गेला ते आम्हाला तो परत आल्यावर कळलं. मोबाइलनं ‘इकडील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवणे’ हाच जुना मायना रोज रात्री पाठवायची सोय केली. पत्र वर्षभर पुन्हा पुन्हा वाचता तरी येई.

आणि मोबाइल काय काय आणतो ते सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये लेबनानच्या दक्षिण सीमेवर राष्ट्रसंघाच्या ठाण्यांवर गोळे पडले. नाकूरा इथल्या मुख्यालयाच्या मनोऱ्यावर इस्रायली रणगाड्यानं मारा केला, दोन इंडोनेशियन जवान जखमी झाले. त्या सीमेवर तेव्हा सुमारे सहाशे भारतीय जवान होते. टीव्हीवर दिवसभर एकच नकाशा, त्यावर आगीच्या ज्वाळा, आणि ‘भारतीय जवान धोक्यात’ असा आरडाओरडा. ओळखीच्या एका घरात त्या रात्री चूल पेटली नाही. कुणीतरी कुठल्या तरी जुन्या स्फोटाची फीत पाठवली होती, ती सगळ्या नातेवाइकांत फिरली. मी त्यांना नकाशा काढून दाखवला: नाकूरा समुद्राच्या काठाला, पश्चिम टोकाला, आपली पलटण पूर्वेकडच्या डोंगराळ भागात. धोका तिथंही होता, तो नव्हता असं मी म्हणत नाही. पण हा गोळा त्या ठाण्यावर पडलेला नाही एवढं कळल्यावर त्या बाईनं पाणी घेतलं. हे काम माझ्यासारख्या निवृत्त मास्तराचं आहे काय? पलटण निघण्यापूर्वी प्रत्येक घरी एक नकाशा पाठवला असता, तर टीव्हीवरच्या त्या आरडाओरड्याला त्या बाईनं स्वतःच उत्तर दिलं असतं.

*

लपवाछपवीत सर्वांत मोठं नुकसान वाईट बातमीचं होत नाही, ती कधीतरी पोचतेच. नुकसान होतं ते साध्या बातमीचं. पोरगा तिथं दिवसभर करतो काय?

गावाची समजूत अशी की परदेशी गेला म्हणजे डॉलर कमावून आला. परत आल्यावर शेजारी पहिलं विचारतात ते, घर बांधणार का. दुसरी समजूत अशी की तिथं रात्रंदिवस गोळीबार चालू असतो. दोन्ही समजुतींच्या मधला जो खरा दिवस आहे, तो मला पुतण्याकडून तुकड्यातुकड्यानं, तो घरी आल्यावर सहा महिन्यांनी कळला. पावसाळ्यात तिकडची काळी माती अशी फुगते की गाड्या आसापर्यंत रुततात, रस्ते महिनोन्‌महिने बंद, मग होडीतून किंवा हेलिकॉप्टरनं जायचं. तळाला लागून जीव वाचवायला आलेल्या माणसांची भलीमोठी वस्ती, तिच्या पहाऱ्यावर उभं राहायचं. डास असे की मच्छरदाणी हीच खरी ढाल. डब्यातलं आणि गोठवलेलं अन्न, आणि भाजी ताजी मिळाली की सण. आणि गुरं! तिथल्या लोकांचं सगळं वैभव गुरांत, लांब शिंगांची, लग्न ठरतं ते गुरांवर, भांडणं होतात तीही गुरांवरून. आपल्या फौजेचे पशुवैद्य तिथं गुरांचे दवाखाने चालवतात. पुतण्यानं हे सांगितलं तेव्हा माझी ऐंशीला टेकलेली वहिनी पहिल्यांदा नीट सरसावून बसली. “त्येंची गुरं आपल्यासारखीच खुरकुतीनं मरत्यात?” तिनं विचारलं. मग दोन तास दोघं बोलत होती. वर्षभरात फोनवर ती दोघं मिळून दोन तास बोलली नव्हती.

हे तिला तो तिकडे असतानाच कळलं असतं तर तिच्या काळजीला काहीतरी आकार आला असता. तिला रोज रात्री डोळ्यांपुढे फक्त अंधार आणि बंदूक दिसत होती. त्या अंधारात गुरं, चिखल, होडी, मच्छरदाणी अशा ओळखीच्या वस्तू आल्या असत्या. कांगोत गोमा शहराच्या डोक्यावर न्यिरागोंगो नावाचा ज्वालामुखी आहे. २२ मे २०२१ ला तो फुटला, तेव्हा आपले जवान तिथं होते, लोकांच्या मदतीला उभे राहिले. लेबनानमध्ये आपली पलटण खेड्यांतल्या लोकांचे दात काढते, शेळ्या-गाईंना औषध देते. ही काय लाजेची, लपवण्याची गोष्ट आहे? अभिमानानं घरी कळवावी अशी ही गोष्ट, आणि ती कळते कुणाला, तर तिकडच्या गावकऱ्यांना.

लष्कर काहीच करत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. ‘फौजी अखबार’ १९०९ साली निघाला, १९५४ पासून तो ‘सैनिक समाचार’ झाला, मराठीतही निघाला. पण त्यात मंत्र्यांच्या भेटी आणि संचलनं जास्त, आणि तो बराकीत पोचे, आमच्या वाडीत नाही. विविध भारतीवरच्या ‘जयमाला’नं जवानांना गाणी ऐकवली, त्याबद्दल तिचे उपकार, मात्र जवानाकडून घराकडे येणारी एखादी ‘जयमाला’ कुणाला सुचली नाही. छावणीतल्या क्वार्टरांत ज्या बायका राहतात त्यांना एकमेकींकडून खबर लागते. क्वार्टर मिळणाऱ्या किती? बाकीच्या सासरी, शेतात, म्हशींपाशी. विधवांसाठी अर्ज आहेत, निवृत्तांसाठी जिल्ह्याच्या गावी कचेरी आहे, शहीदाच्या नावाची कमान आहे. जी वाट पाहते आहे, तिच्या नावाचा एकही कागद सरकारच्या दप्तरात नाही. ९ एप्रिल २०१३ ला दक्षिण सुदानात आपले पाच जवान घात लावून मारले, त्याच वर्षी १९ डिसेंबरला आकोबोत आणखी दोन. त्या दोन तारखांना तिकडच्या आपल्या प्रत्येक जवानाच्या घरी, ‘तुमचा माणूस सुखरूप आहे’ अशी एक ओळ त्याच संध्याकाळी पोचायला हवी होती. मेलेल्यांची नावं सांगायला वेळ लागतो, ते समजू शकतं. जिवंतांची सांगायला का लागावा?

मागणी फार मोठी नाही. पलटण परदेशी निघण्यापूर्वी, बेळगावचं केंद्र असेल तर बेळगावात, आईबापांना आणि बायकोला एक दिवस बोलवा. नकाशा दाखवा, हवा सांगा, जेवण सांगा, किती दिवसांसाठी जातो आहे ते सांगा. आईबापांनाही, हे मुद्दाम म्हणतो. नुसत्या वारसदाराला नव्हे. महिन्यातून एकदा पलटणीनं एक पानाचं पत्र पाठवावं, छापील, सगळ्यांना सारखं. गेल्या महिन्यात पाऊस किती झाला, दिवाळीला काय केलं, दवाखान्यात किती गुरं आली, कुणाच्या स्वयंपाकाला शाबासकी मिळाली. वाईट घडलं असेल तर तेही, सरळ शब्दांत, टीव्हीच्या आधी. आणि एक फोन नंबर, ज्यावर रात्री दहा वाजता मराठी किंवा कन्नड बोलणारा माणूस असेल आणि तो “काही झालं असतं तर कळवलं असतं” असं म्हणणार नाही.

भाषांतराला माणसं नाहीत, खर्च परवडत नाही, असं सांगू नये. कुठली भाषा हवी ते जवानालाच भरतीच्या कागदावर लिहू द्या. बेळगाव, खानापूर, निपाणीत आम्ही निवृत्त मास्तर ढिगानं आहोत, मराठी शाळांतले आणि कन्नड शाळांतलेही. महिन्याचं एक पान दोन्ही भाषांत उतरवायला आम्हाला एक दुपार पुरते. कागद आमचा, शाई आमची, पोस्टाचा खर्च तेवढा सरकारनं करावा.